कोठडी म्हणून बांधलेली डिरेक्टरी: सीएचरूटमधल्या एका वर्करचं प्रकरण

पार्श्वभूमी

ग्राहकांनी पाठवलेल्या फाइल्स छपाईयोग्य पीडीएफमध्ये बदलून परत देणं, एवढंच त्या सर्व्हरचं काम होतं. ग्राहक एसएफटीपीने (फाइल्स सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीने) झिप चढवायचे, रांगेत नोंद पडायची. वर्कर नावाची प्रोसेस ती उचलून आतली चित्रं नि मजकूर वाचायची आणि तयार पीडीएफ ग्राहकाच्या फोल्डरात टाकायची. लिनक्सचं मशीन, ईएक्सटी4 या फाइलसिस्टमची डिस्क, सी मध्ये लिहिलेला वर्कर. तो लिहिणारा माणूस टीम सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. आम्ही चौघं ते चालवत होतो. चालवत होतो म्हणजे, चालतंय तोवर त्याला हात लावत नव्हतो.

बाहेरून आलेली चित्रं उघडणं जोखमीचं असतं, हे त्या मूळ लेखकाला ठाऊक होतं. म्हणून त्याने वर्करला सीएचरूटमध्ये टाकलं होतं. सीएचरूट म्हणजे एका डिरेक्टरीलाच सगळी फाइलसिस्टम समजायला प्रोसेसला लावणारा कॉल. एका डिरेक्टरीत छोटीशी नक्कल उभारली होती: लागतील तेवढ्या लायब्ररी, थोडे फॉन्ट, एक टेम्प फोल्डर. वर्कर सुरू झाला की कॉन्फिग वाचायचा, लॉग उघडायचा आणि सीएचरूट कॉल करून त्या डिरेक्टरीत शिरायचा. तिथून पुढे त्याच्यासाठी स्लॅश म्हणजे तीच डिरेक्टरी. टीममध्ये तिचं नाव 'कोठडी' पडलं होतं आणि विकीवर एक ओळ होती: 'वर्कर कोठडीत आहे.'

इथे एक खुलासा करून ठेवतो. रूट हा शब्द या विषयात दोन अर्थांनी येतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. या लेखात रूट म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. फाइलसिस्टमच्या वरच्या टोकाला, म्हणजे स्लॅशला, मी मूळ म्हणेन.

तर हा वर्कर रूट म्हणून चालायचा. तयार फाइलची मालकी त्या त्या ग्राहकाच्या खात्यावर चढवावी लागे, आणि दुसऱ्याच्या नावे मालकी करून देणं हे रूटचंच काम. लेखकाचा हिशेब साधा असावा: रूट तर रूट, पण कोंडलेला रूट.

समस्या कशी समोर आली

फाइल्सच्या हॅशची (आशयावरून निघणाऱ्या ठशांची) रोज रात्री तपासणी व्हायची. एका मंगळवारी सकाळी तिच्या अहवालात क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फोल्डरात एक नवी फाइल दिसली. मालक रूट, वेळ रात्री 02:17. आत एकच ओळ: दर दहा मिनिटांनी एका लपवलेल्या फाइलमधली स्क्रिप्ट चालवायची. आमच्यापैकी कुणीही ती ठेवलेली नव्हती.

वर्करच्या लॉगमध्ये 02:16 ला एक नोंद होती. एका टिफ चित्राचं काम सुरू झालं, निकाल काहीच नाही, वर्कर पडला आणि सुपरव्हायझरने तो पुन्हा उठवला. ही नोंद आम्ही सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी सोडून दिली. वर्कर आठवड्यातून दोनचारदा पडायचाच. आणि मुख्य म्हणजे तो कोठडीत होता. क्रॉनचा फोल्डर कोठडीबाहेर. मग त्याचा संबंध येतोच कुठे?

निर्णयाचा पहिला टप्पा: शोध कुठे घ्यायचा

आम्ही एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या वाटेच्या, मागे लागलो. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, किल्ल्या बदलल्या, लॉगिनच्या नोंदी ओळीओळीने तपासल्या. एका सहकाऱ्याचा लॅपटॉप अकारण संशयात सापडला आणि त्याला तो पुसून नव्याने बसवायला लावला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. क्रॉनची फाइल आम्ही उडवली, स्क्रिप्ट उडवली आणि मशीन चालूच ठेवलं, कारण रांगेत कामं साचत होती.

यात दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात वर्कर रूट म्हणून, त्याच भगदाडासकट, बाहेरची चित्रं उघडत बसला होता.

मागे वळून पाहताना मला इथली चूक सगळ्यात मोठी वाटते. सीएचरूट कमकुवत होतं हा तांत्रिक दोष झाला. पण 'वर्कर कोठडीत आहे' या एका ओळीने आमच्या तपासाचीच दिशा ठरवून टाकली. ज्या दारातून माणूस गेला, ते दार नाहीच असं आम्ही कागदावर लिहून ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी टीममधल्या सगळ्यात नव्या सहकारीने हाक मारली, "सर, एक मिनिट इकडे बघता का?" तिने चाचणीच्या मशीनवर कोठडीची हुबेहूब प्रत उभी केली होती. आत रूट म्हणून शिरून तिने स्लॅशचा आयनोड क्रमांक, म्हणजे त्या डिरेक्टरीचा फाइलसिस्टममधला ओळख-क्रमांक, विचारला. उत्तर आलं 655362. मग तिने लिहिलेला जेमतेम पंधरा ओळींचा प्रोग्राम चालवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उत्तर आलं 2.

ईएक्सटी4 वर आयनोड 2 म्हणजे त्या फाइलसिस्टमची सगळ्यात वरची डिरेक्टरी. म्हणजे तिची प्रोसेस कोठडीबाहेर उभी होती. खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एकाने आक्षेप घेतला: "पण कोठडीत शेलच नाहीये, कंपायलर नाहीये. तो हे चालवणार कशाने?" त्यावर ती म्हणाली की सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे (सिस्टमच्या गाभ्याकडे) मागणी, करायला शेल लागत नाही. बिघडलेल्या चित्राने वर्करच्या आत आपला कोड चालवला की वर्कर जे कॉल करू शकतो ते सगळे त्या कोडच्या हाती येतात. आक्षेप तिथेच संपला.

ती बाहेर कशी आली

कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी दोन जागा लक्षात ठेवतो: तिचं मूळ कुठे आहे, आणि ती आत्ता कुठल्या डिरेक्टरीत उभी आहे. पाथमध्ये दोन टिंबं आली की कर्नल वरच्या डिरेक्टरीत जातो, पण त्याआधी एक गोष्ट तपासतो: आपण मुळावर आहोत का? असलो तर वर जात नाही. सगळी भिंत ती एवढीच. दर पायरीवर विचारला जाणारा एक प्रश्न.

सीएचरूट कॉल पहिली जागा बदलतो. दुसरीला हात लावत नाही. आता कोठडीत उभ्या असलेल्या रूटने 'अबक' नावाची डिरेक्टरी केली आणि पुन्हा एकदा सीएचरूट करून तिला आपलं मूळ ठरवलं, तर काय होईल? मूळ अबकवर गेलं, पण प्रोसेस अजून अबकच्या वरच उभी आहे, कोठडीच्या जुन्या मुळावर. तिथून दोन टिंबं. कर्नल विचारतो, हे मूळ आहे का? नाही, मूळ आता अबक आहे. मग चला वर. पुढच्या पायरीलाही तेच. अबक खाली मागे राहिलं, त्यामुळे 'हे मूळ आहे' असं उत्तर वाटेत कुठेच मिळत नाही आणि प्रोसेस खऱ्या मुळापर्यंत चढत जाते. तिथे पोचल्यावर जिथे उभी आहे त्यालाच शेवटचं सीएचरूट केलं की झालं.

यात कर्नलचा कुठलाही बग नाही. लिनक्सच्या मॅन्युअलच्या पानावर ही युक्ती चक्क एका ओळीत दिलेली आहे. त्याच पानावर हेही लिहिलंय की हा कॉल पाथ शोधण्यातला एक घटक बदलतो, दुसरं काहीही करत नाही आणि सुरक्षेसाठी तो नाही. सीएचरूट आलं 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर. नावं कुठून शोधायची ते ते ठरवतं. कुणाला काय करता येईल हे ठरवणं त्याच्याकडे कधी सोपवलेलंच नव्हतं. ते आपण आपल्या मनाने सोपवलं.

त्या संध्याकाळी आम्ही कोठडीतून बाहेर पडायच्या वाटा मोजायलाच बसलो. रूटला डिव्हाइस फाइल तयार करता येते, म्हणजे कोठडीतच डिस्कची नोड काढून सगळी डिस्क कच्च्या बाइट्समध्ये वाचता येते. रूटला माउंट करता येतं, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी प्रोक फाइलसिस्टम आत लावून पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसच्या मुळातून थेट बाहेर जाता येतं. बाहेर पडायचीही गरज नाही म्हणा. प्रोसेस क्रमांक, सिग्नल, नेटवर्क यांतलं काहीच सीएचरूट वेगळं करत नाही, त्यामुळे आत बसल्या बसल्या बाहेरच्या प्रोसेसला डीबगरसारखं पकडून तिच्यात आपला कोड घालता येतो.

यातल्या प्रत्येक वाटेला रूटचे अधिकार लागतात. म्हणून आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवलं की वर्करचं रूटपण काढू, प्रश्न मिटला. ते तसं झालं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

सुटलेला धागा

नव्या सहकारीने चालू वर्करच्या उघड्या फाइल डिस्क्रिप्टरांची (उघडलेल्या फाइल्सना मिळणाऱ्या क्रमांकांची) यादी काढली. 0, 1, 2 नेहमीचे. 3 म्हणजे लॉग. आणि 5 म्हणजे एक डिरेक्टरी, कोठडीबाहेरची. वर्कर सुरुवातीला कॉन्फिगचे तुकडे वाचायला ती डिरेक्टरी उघडायचा आणि ती बंद करण्याची ओळच कोडमध्ये नव्हती.

सीएचरूट उघडे डिस्क्रिप्टर बंद करत नाही. उघडलेली डिरेक्टरी म्हणजे हातात धरलेली जागा, तिच्यापर्यंत पोचायला पाथ लागत नाही. प्रोसेसने 'मी आता 5 मध्ये उभी आहे' असं म्हटलं की ती बाहेर. मग दोन टिंबं, आणि वर सांगितल्याप्रमाणे चढत जाणं. याला रूट लागत नाही. तिने वर्करला आधी साध्या, बिनहक्काच्या वापरकर्त्यात बदललं आणि मग हे करून दाखवलं. सर्वांना वाचता येणाऱ्या सगळ्या फाइल्स समोर आल्या. त्यांत ग्राहकांच्या काही फोल्डरांचाही समावेश होता, कारण त्यांच्या परवानग्या ढिल्या होत्या. 'वर्कर कोठडीत आहे, मग बाहेर कोण बघतंय,' या विश्वासावर ढिल्या राहिलेल्या.

ही चूक काही जुन्या काळात राहिलेली नाही. जानेवारी 2024 मध्ये रनसी या कंटेनर (वेगळ्या कप्प्यात कोंडलेले प्रोग्राम) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये हाच प्रकार निघाला, सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2024-21626. बाहेरच्या डिरेक्टरीचा एक डिस्क्रिप्टर आत गळत होता आणि कंटेनरची कामाची डिरेक्टरी त्यावर लावली की होस्टची, म्हणजे बाहेरच्या मशीनची, फाइलसिस्टम मोकळी. तंत्र किती पुढे गेलं तरी उघडा राहिलेला हात उघडाच.

पर्याय

बुधवारी रात्री वर्कर बंद केला. ते दीड दिवस आधी करायला हवं होतं. मग टेबलावर पुढचे पर्याय आले.

पहिला, सीएचरूट नीट करणं. आधी त्या डिरेक्टरीत जायचं, मग सीएचरूट, मग 2 च्या वरचे सगळे डिस्क्रिप्टर बंद, मग ग्रुप आणि वापरकर्ता दोन्ही बदलून रूट सोडायचं, आणि रूट परत मिळत नाही ना हे तपासायचं. क्रम चुकला की सगळं वाया, उदाहरणार्थ वापरकर्ता आधी बदलला तर ग्रुप सोडायचा हक्कच उरत नाही. दोन तासांचं काम. पण नेटवर्क आणि बाकीच्या प्रोसेस तशाच समोर राहतात.

दुसरा, फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टमच्या जेलवर जाणं. 2000 साली फ्रीबीएसडी 4.0 मध्ये जेल आलं ते सीएचरूटच्या याच मर्यादा ओळखून. त्यात प्रोसेस, नेटवर्क आणि रूटचे अधिकार हे सगळंच कापलं जातं. फ्रीबीएसडीचं साधं सीएचरूटही जरा जास्त सावध आहे: आधीच सीएचरूटमध्ये असलेल्या प्रोसेसकडे एखादी डिरेक्टरी उघडी असेल तर, सेटिंग मुद्दाम बदललं नसल्यास, तिला दुसरं सीएचरूट नाकारलं जातं. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. पण चौघांपैकी एकालाही ती सिस्टम रोजच्या वापरातली नव्हती, आणि आणीबाणीत नवी सिस्टम शिकू नये.

तिसरा, लिनक्सच्या नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला मशीनचं तिच्यापुरतं वेगळं चित्र दाखवणारी सोय. माउंट नेमस्पेसमध्ये पिव्हट-रूट (मूळच बदलणारा कॉल) करून जुनं मूळ उतरवून टाकलं की ते त्या प्रोसेसच्या जगात उरतच नाही. दोन टिंबांनी चढून जायला वर काही नसतंच. जोडीला वेगळी प्रोसेस नेमस्पेस, रिकामं नेटवर्क आणि सेककॉम्पचा सिस्टम कॉल फिल्टर. हे सगळं बबलरॅप नावाचा छोटा प्रोग्राम लावून देतो. अडचण अशी की बिनहक्काच्या वापरकर्त्याने हे करायचं तर युझर नेमस्पेस चालू ठेवावी लागते आणि तिच्यामुळे कर्नलचा एरवी फक्त रूटला दिसणारा भाग सगळ्यांसमोर येतो. 2022 मधली सीव्हीई-2022-0185 ही कर्नलची चूक अशाच वाटेने वापरता येत होती.

चौथा, प्रत्येक कामाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन. कर्नलच वेगळा, म्हणून भिंत सगळ्यात जाड. पण दिवसभर येणाऱ्या छोट्या छोट्या कामांना प्रत्येकी एक मशीन उठवायचं, त्याच्या प्रतिमा ताज्या ठेवायच्या, हे चौघांना पेलवेल का याबद्दल आमच्यात वाद झाला. तो वाद आम्ही निकाली काढला नाही, पुढे ढकलला.

केलेली कारवाई

मशीन पुसलं. रूट हाती गेलेल्या मशीनवर साफसफाई करून ते परत वापरणं हा पर्याय म्हणून आम्ही यादीत घेतलाच नाही. नव्या मशीनवर सिस्टम, कोठडीबाहेर ठेवलेल्या बॅकअपमधून डेटा. सगळ्या ग्राहकांना कळवलं की त्यांच्या फाइल्स वाचल्या गेलेल्या असू शकतात. नक्की वाचल्या का, हे सांगता येण्यासारखे लॉग नव्हते, आणि ते तसंच लिहिलं.

पहिल्याच दिवशी पहिला पर्याय लावून रांग सुरू केली आणि तिसऱ्यावर काम चालू केलं. खरी मेहनत गेली ती मालकीच्या प्रश्नात. वर्कर रूट का होता, तर मालकी बदलायला. ते काम त्याच्याकडून काढून एका छोट्या वेगळ्या प्रोग्रामला दिलं, त्याला आम्ही हमाल म्हणतो. वर्कर तयार पीडीएफ एका फोल्डरात ठेवणार, बाहेरचा हमाल ती उचलून मालकी बदलणार.

हे पहिल्याच चाचणीत फसलं. वर्करच्या जागी बसून आमच्याच एकाने पीडीएफऐवजी त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक ठेवली, पासवर्डच्या शॅडो फाइलकडे बोट दाखवणारी. आतून बघितलं तर ती लिंक कोठडीतल्या, अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे जाते. बाहेरून हमालाने बघितलं तर तीच लिंक खऱ्या शॅडो फाइलकडे जाते. लिंक म्हणजे नुसता मजकूर, आणि तो मजकूर ज्याच्या मुळावरून वाचला जातो त्याचा अर्थ त्याला चिकटतो. हमालाने इमानेइतबारे शॅडो फाइल चाचणीतल्या ग्राहकाच्या नावे करून दिली. भिंतीआडच्या माणसाला बाहेर यायची गरजच पडली नाही, बाहेरच्या अधिकाऱ्यालाच आतून कागद सरकवला.

यावर लिनक्स 5.6 पासून असलेला, फाइल उघडण्याचा ओपनॅट2 कॉल हा उपाय होता. त्याला 'या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ नकोस, लिंक पाळू नकोस' असं सांगता येतं. तो आम्ही लावून बघितला, चालला. पण नंतर फोल्डरच काढून टाकला. आता वर्करला सुरू होताना दोनच डिस्क्रिप्टर मिळतात: एकातून झिप वाचायची, दुसऱ्या पाइपमध्ये पीडीएफ लिहायची. फाइल तयार करतो तो हमाल, स्वतःच्या निवडलेल्या नावाने. ज्या उघड्या डिस्क्रिप्टरने घात केला तेच साधन मोजून मापून वापरलं, तर पाथची गरजच संपते.

एक सूचना मात्र आम्ही ठामपणे नाकारली. ग्राहकांच्या खात्यांची नावं कोठडीतल्या यादीतून वाचता यावीत म्हणून हमालाने क्षणभर सीएचरूट करून आत डोकवावं, असं एकाने सुचवलं होतं. अगदी निरुपद्रवी वाटतं. पण नाव शोधण्याचा साधा कॉल सी लायब्ररीत गेला की ती एनएसस्विचची (नावं कुठे शोधायची ते सांगणारी) फाइल वाचते आणि त्यात लिहिलेली लायब्ररी लोड करते. या वेळी त्या दोन्ही गोष्टी आतल्या, म्हणजे परक्याच्या ताब्यातल्या. 2011 साली फ्रीबीएसडीच्या एफटीपी सर्व्हरमध्ये ही चूक निघाली. 2019 मध्ये डॉकर या कंटेनर-साधनाच्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये. आणि 2025 मध्ये चक्क सुडोच्या (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडच्या) सीएचरूट पर्यायात, सीव्हीई-2025-32463, जी 1.9.17पी1 मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे अधिकार हाती असताना परक्याच्या घरात शिरायचं आणि तिथल्या कपाटातली अवजारं वापरायची. सूचना देणाऱ्याला ही तीन उदाहरणं दाखवली तेव्हा त्यानेच ती मागे घेतली.

काय मोडलं

फॉन्ट मोडले, ते अपेक्षित होतं. वेळेचा पट्टा मोडला आणि पीडीएफवर तारखा चुकीच्या आल्या, तेही तासाभरात सापडलं.

सेककॉम्पने मात्र चांगलंच दमवलं. कोठडीतून पुन्हा नवी नेमस्पेस काढता येऊ नये म्हणून क्लोन या नवी प्रोसेस किंवा थ्रेड (प्रोसेसच्या आतला समांतर धागा) काढणाऱ्या कॉलचे झेंडे, म्हणजे त्याला दिलेले पर्याय, तपासायचे होते. पण क्लोन3 हा नवा कॉल आपले झेंडे मेमरीतल्या एका रचनेत देतो आणि सेककॉम्पला त्या पत्त्यामागे डोकावता येत नाही. म्हणून क्लोन3 पूर्ण बंद केला, 'परवानगी नाही' या उत्तरासह. सगळं सुरळीत चाललं आणि महिन्याभराने कोठडीतली सी लायब्ररी अद्ययावत केल्यावर मोठी चित्रं एकदम नापास व्हायला लागली. छोटी चालायची, मोठी नाही. ग्लिबसी, म्हणजे तीच सी लायब्ररी, 2.34 पासून थ्रेड काढायला आधी क्लोन3 वापरते. 'असा कॉल नाहीच' हे उत्तर मिळालं तर ती मुकाट जुन्या क्लोनवर जाते, 'परवानगी नाही' मिळालं तर हार मानते. आमच्या वर्करमध्ये मोठ्या चित्रांनाच थ्रेड लागायचे. फिल्टरमधला उत्तराचा एक आकडा बदलला आणि काम झालं. तो आकडा सापडेपर्यंत दोन दिवस गेले, आणि तेवढ्यात कुणीतरी 'फिल्टरच काढून टाकू या' म्हणून झालं होतं. मला वाटतं बहुतेक ठिकाणी भिंती अशाच पडतात, हल्ल्याने नव्हे, गुरुवारच्या दुपारी कंटाळून.

परिणाम

वर्कर आता रूट नाही. प्रत्येक काम नव्या नेमस्पेसमध्ये सुरू होतं आणि कामाबरोबर तिचं जग संपतं. एका कामामागे जो जादा वेळ लागतो तो ग्राहकाला जाणवत नाही. वर्कर अजूनही पडतो. पण आता पडल्याची प्रत्येक नोंद कुणीतरी उघडून बघतं आणि ते चित्र बाजूला ठेवलं जातं.

रोज रात्री एक चाचणी कोठडीत पाठवली जाते: दुहेरी सीएचरूट, डिव्हाइस नोड, प्रोकचं माउंट, यादीबाहेरचा कुठलाही उघडा डिस्क्रिप्टर. पंधरा ओळींच्या त्या प्रोग्रामचीच ही वाढलेली आवृत्ती. तिने आयनोड क्रमांकावर विसंबणं सोडलंय, कारण आतलं मूळ आता मेमरीतल्या टेम्प-एफएसवर असतं आणि तिथला आकडा निराळ्याच हिशेबाचा. डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड या जोडीची तुलना होते. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री ही चाचणी लाल झाली. डीबगिंगसाठी कुणीतरी लॉगचा फोल्डर सातव्या डिस्क्रिप्टरवर आत दिला होता आणि काढायला विसरलं होतं. सकाळी नऊच्या आत तो निघाला.

वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारी सकाळी मशीन नेटवर्कवरून काढायला हवं होतं, हे उघड आहे. त्याहून स्वस्तातली एक गोष्ट होती. 02:16 आणि 02:17 या दोन नोंदी शेजारी ठेवून 'हे कोठडीतून शक्य आहे असं धरलं तर?' एवढं विचारायचं. चाचणीच्या मशीनवर त्याचं उत्तर मिळायला नव्या सहकारीला एक दुपार लागली होती.

विकीवरची ओळही बदलता आली असती, फार आधी. 'कोठडीत आहे' म्हणजे काय, कोणापासून आणि कशापासून, असं एखाद्याने विचारलं असतं तर वर्कर रूट आहे हे त्याच उत्तरात लिहावं लागलं असतं.

सीएचरूट आम्ही हद्दपार केलेलं नाही, हेही सांगायला हवं. ग्राहकांची एसएफटीपीची बाजू अजून ओपनएसएसएचच्या सीएचरूट सेटिंगवरच आहे, आणि माझ्या मते तिथे ते बरोबर आहे. ओपनएसएसएच सीएचरूटनंतर लगेच साध्या वापरकर्त्यात उतरतो, आत परका कोड चालवत नाही, आणि त्या डिरेक्टरीपर्यंतच्या वाटेतली प्रत्येक डिरेक्टरी रूटच्या मालकीची आणि इतरांना लिहिता न येणारी असल्याशिवाय लॉगिनच होऊ देत नाही. 'आम्हाला वरच्या फोल्डरात फाइल का टाकता येत नाही' अशी तक्रार करणारे ग्राहक नियमाने येतात. त्यांना आम्ही आत एक खालचा फोल्डर करून देतो. वरची परवानगी सैल करत नाही. बूट न होणारं मशीन दुरुस्त करताना तर सीएचरूटशिवाय पान हलत नाही.

व्हर्च्युअल मशीनचा वाद अजून मिटलेला नाही. नेमस्पेस कितीही घट्ट बांधल्या तरी कर्नल एकच आहे आणि बिघडलेलं चित्र त्याच्याशी बोलू शकतं, फक्त पूर्वीपेक्षा कमी शब्दांत. नवी सहकारी म्हणते, सगळ्यांना मशीन नको, पण ज्या ग्राहकांची कागदपत्रं गोपनीय आहेत त्यांची रांग तरी वेगळी काढू. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, दोन रांगा म्हणजे दोन सिस्टम, आणि आपण चौघं. पुढच्या सर्व्हरची खरेदी होईपर्यंत दोघांनाही आपापला हिशेब कागदावर मांडायला सांगितलंय.